मूठ कुणाची धरायची?

मुंबईतल्या नायगावात सकाळी सकाळी कुणी कुणाला 'कसे आहात?' असं विचारत नाही. 'किती आली?' असं विचारतात. बाहेरच्या माणसाला वाटावं, लॉटरी लागली किंवा लाइटबिल आलं. आतल्याला खुलासा लागत नाही. तो बनियनवर, बोटाला कापूस दाबून पॅसेजमध्ये उभा असतो आणि आकडा सांगून मोकळा होतो. '१३४.' लगेच समोरच्या खोलीतून आवाज येतो, 'काल हळदीला गेला होतात ना?' खाल्लेलं इथे लपत नाही. उपाशीपोटी १२६ किंवा त्याच्या वर आली की मधुमेह, अशी रेघ डॉक्टर मंडळींनी आखून ठेवली आहे. त्यामुळे १२५ आली की घरात आनंदाने शिरा होतो, आणि शिऱ्यामुळे दुसऱ्या दिवशी १३४ येते.

२०२३ साली आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीचे आकडे आले. देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि आणखी १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर. बीडीडी चाळीत उंबरठा आणि घर यांत तसंही फारसं अंतर कधी नव्हतं. १६० चौरस फुटांची खोली, मधोमध पॅसेज, दोन्ही बाजूंना मिळून मजल्यावर वीस बिऱ्हाडं. एकाचा रिपोर्ट म्हणजे विसांचा रिपोर्ट. नायगावात अशा ४२ चाळी. १९२०च्या दशकात सरकारने त्या बांधायला घेतल्या तेव्हा गिरणीतल्या माणसाला साखर जास्त होईल ही काळजी कुणाला नसावी. त्याला साखर मिळेल का, हीच असेल. आता पुनर्विकास आला, टॉवर चढतायत. शुगरवाल्यांची त्याबद्दलची तक्रार एकच आहे: लिफ्ट आली की जिना सुटणार आणि जिना सुटला की पीपी, म्हणजे जेवणानंतरची शुगर, सुटणार.

तर अशा वस्तीत एक दिवस बातमी आली की शेंगदाणे खाल्ल्याने शुगर ताब्यात राहते. तळमजल्यावरच्या मावशींना ती भाजीवालीने सांगितली, भाजीवालीला तिच्या जावयाने, आणि जावई केईएम हॉस्पिटलच्या फाटकावर टॅक्सी लावतो, म्हणजे बातमी वैद्यकीयदृष्ट्या पक्की. मधुमेह्याच्या कानावर जन्मभर 'नको'च पडत असतं. भात नको, बटाटा नको, हापूस तर बघायलाही नको. त्याला कुणी 'हे खा' म्हटलं की तो किती भाबडेपणाने खातो, हे पाहायचं असेल तर त्या आठवड्यात आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे यायला हवं होतं. एरवी पावशेर दाणे नेणाऱ्या बायका किलोकिलोने नेत होत्या. 'औषधाला पाहिजेत,' असं वर सांगत होत्या. वाण्याने त्या दिवसांत दाण्याचं पोतं आतून काढून दारात आणलं आणि साखरेचं आत नेलं. व्यापाऱ्याला वैद्यक लवकर कळतं.

नायगावात दाण्याचं राजकारण आधीपासून होतं, हेही सांगायला हवं. गिरण्यांसाठी मुंबईत आलेली माणसं बरीचशी घाटावरची आणि कोकणातली. सातारा-सांगली-कोल्हापूरकडची वहिनी काहीही शिजवो, शेवटी त्यात मूठभर कूट पडतंच. वांग्यात कूट, भेंडीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट. चहा तेवढा वाचला आहे. समोरच्या खोलीतली मालवणची काकी त्याच वांग्यात ओलं खोबरं घालते आणि कूट घालणाऱ्यांकडे जरा करुणेने बघते. शंभर वर्षं एका पॅसेजमध्ये हे दोन पक्ष नांदले. बातमी आली आणि तोल गेला. घाटपक्ष म्हणू लागला, आमचे पूर्वज दूरदृष्टीचे. कोकणपक्षाने उत्तर काढलं की खोबऱ्यानेही शुगर वाढत नाही, आणि ते उत्तर तसं खोटं नाही. फक्त खोबऱ्यातली चरबी बहुतेक संपृक्त जातीची, दाण्यातली बरीचशी असंपृक्त, म्हणजे हृदयाला जरा सोयीची. हे अजून मालवणच्या काकींना कुणी सांगितलेलं नाही. त्यांच्याकडे रविवारी सुकं मटण असतं आणि आमंत्रण सगळ्या मजल्याला असतं.

मला स्वतःला दाण्याचं खरं रूप संध्याकाळी सदाकांत ढवण मैदानाच्या कडेला दिसतं. शेंगवाला टोपली घेऊन उभा असतो. टोपलीत खाऱ्या दाण्यांचा ढीग, ढिगाच्या माथ्यावर काळं झालेलं छोटं मडकं, मडक्यात राखेखाली दोन निखारे. मडकं उचललं की खाली गोल खळगा दिसतो आणि त्या खळग्यातले दाणे सगळ्यांना हवे असतात, कारण ते गरम. तो वहीच्या पानाची सुरळी वळतो, खालचं टोक दुमडतो, माप भरतो. त्या मापाचं बूड आतून वर उचललेलं आहे, असा सगळ्या गिऱ्हाइकांचा जुना संशय आहे. तो संशय फेडण्यासाठी शेंगवाला प्रत्येक पुडीवर चार दाणे वरून टाकतो. ते चार दाणे फुकटचे, त्यामुळे कुठलाही शुगरवाला ते हिशेबात धरत नाही. सुरळीच्या कागदाचं मला भारी आकर्षण. एकदा भूमितीचं प्रमेय आलं. पक्ष आणि साध्य माझ्याकडे, सिद्धता पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेली.

मैदानात आत कबड्डी चालू असते आणि बाहेर कठड्यावर जुने कबड्डीपटू बसलेले असतात. आमच्या मजल्यावरचे मामा त्यांतलेच. त्यांच्या तरुणपणी सरावानंतर पोरांना गूळ-दाणे मिळायचे. पुढे गुडघे गेले, खेळ सुटला, गूळ-दाणे राहिले. शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, 'व्यायाम करता का?' मामा म्हणाले, 'रोज मैदानावर असतो.' हे अक्षरशः खरं आहे.

आता दाण्याची बाजू. खाल्लेल्या पदार्थाने रक्तातली साखर किती झपाट्याने चढते, हे मोजायची ग्लायसेमिक इंडेक्स नावाची पट्टी टोरांटोच्या डेव्हिड जेंकिन्स यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली मांडली. शुद्ध ग्लुकोजला शंभर धरायचं आणि बाकी सगळ्यांना त्याच्या शेजारी उभं करायचं. पांढरा भात सत्तरच्या आसपास जातो, बटाटा त्याच्याही पुढे. शेंगदाणा १४च्या आसपास. खाण्याच्या पदार्थांत इतके कमी मार्क मिळवून कौतुक होणारा विरळाच. आमच्याकडे १४ मार्क मिळवलेल्या पोरांना मैदानावर जायची बंदी होते.

याचं कारण दाण्याच्या पोटात आहे. शंभर ग्रॅम दाण्यांत कर्बोदकं जेमतेम १६ ग्रॅम आणि त्यांतलेही आठ-साडेआठ ग्रॅम नुसते तंतू, ज्यांची साखर होत नाही. प्रथिनं २५-२६ ग्रॅम, म्हणजे डाळींच्या पंगतीत मानाने बसण्याइतकी. आणि तसाही भुईमूग नात्याने कडधान्यच, बदाम-काजूंच्या घरात तो दत्तक गेलेला. उरलेला जवळजवळ निम्मा दाणा म्हणजे तेल. तेल आणि प्रथिनं पोटात गेली की जठर आपलं दार सावकाश उघडतं. पहिल्या पावसात हिंदमाताला गाड्या थांबाव्यात तसं जेवण आत थांबतं, एकेक करून पुढे सरकतं आणि साखर रक्तात एकदम उसळत नाही. शिवाय पोट भरल्याची बातमी मेंदूला पोहोचायला वेळ मिळतो. मेंदू ती ऐकतो का, हा भाग वेगळा.

२०१३ साली ब्राझीलमध्ये झालेल्या एका प्रयोगाची हकिगत इथे घाटपक्षाच्या फार कामाची आहे. वजन जास्त आणि मधुमेहाचा धोकाही जास्त अशा १५ बायकांना न्याहारीबरोबर कधी सबंध दाणे दिले, कधी पीनट बटर, कधी यांतलं काहीच नाही. न्याहारीतल्या दाण्याचा गुण पुढच्या जेवणापर्यंत टिकतो का, हे पाहायचं होतं. पीनट बटरच्या दिवशी तो अधिक स्पष्ट दिसला. म्हणजे सबंध दाण्यापेक्षा वाटलेला वरचढ. साताऱ्याच्या वहिनींना हे कळल्यावर त्यांनी सांगितलं की पीनट बटर म्हणजे आमचंच कूट, मिक्सर जरा जास्त फिरवलेलं. हे शास्त्राला किती मान्य होईल कोण जाणे, पण त्या दिवसापासून त्यांच्या भाजीत दुप्पट कूट पडतं आणि ती भाजी खाऊन त्यांच्या यजमानांची शुगर घटली नाही तरी पँट मात्र घट्ट झाली.

कारण निम्मा दाणा तेल आहे, हे वाक्य लोक शुगरच्या संदर्भात आनंदाने ऐकतात आणि वजनाच्या संदर्भात विसरतात. शंभर ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी. गप्पांच्या ओघात शंभर ग्रॅम दाणे संपवणं हे काम नव्हे, त्याकडे लक्षही द्यावं लागत नाही. हात आपोआप जातो. मालिका बघताना जातो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये जातो. मी एका शोकसभेत तो गेलेला पाहिला आहे.

तरीही दाण्याची मोठी अडचण तेल नव्हे, संगत आहे. दाणा एकटा असतो तेव्हा सज्जन असतो. पण आम्ही त्याला एकटं राहू देत नाही. गुळाच्या पाकात बुडवून त्याची चिक्की करतो. लोणावळ्याहून येणाऱ्या माणसाने चिक्की आणली नाही तर तो लोणावळ्याला गेलाच नाही, असं इथे समजतात. तीच चिक्की मावशी 'दाण्याची आहे हो, शुगरला चांगली' म्हणून वाटत फिरतात. पोह्यांत दाणे, चिवड्यात दाणे, भेळेतल्या कुरमुऱ्यांत दाणे. संध्याकाळी काही मंडळी जिथे बसतात तिथे कांदा-टोमॅटो-लिंबू मारलेला दाण्याचा चकणा येतो, आणि सकाळी वाढलेल्या आकड्याचं खापर चकण्यावर फुटतं. ग्लासाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

संगतीचा कळस एकादशीला. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण ज्याने केली त्याच्या घरी ग्लुकोमीटर नव्हता, नाहीतर त्याने आकड्यासकट केली असती. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. कोरड्या शंभर ग्रॅममध्ये ८५च्या वर कर्बोदकं, प्रथिनांच्या नावाने शंख. त्यात बटाट्याच्या फोडी, वर चिमूटभर साखर, तूप, आणि सोबत गोड दही. या सगळ्या जमावात साखरेला आडवा जाणारा गडी एकच, दाण्याचं कूट. म्हणून खिचडी करताना कूट सढळ असावं, असं मी म्हणेन. मोकळीही होते आणि चढणारी शुगर जरा दमानेही चढते. वरीच्या तांदळावर दाण्याची आमटी घालायची रीत ज्या कुणी सुगरणीने काढली तिला पट्टी-बिट्टी माहीत नव्हती, पण जोडी तिने नेमकी लावली. फक्त उपासाच्या दिवशी वरी वाडगाभर आणि आमटी पळीभर न घेता उलटं करायला हवं. हे मी मावशींना सुचवून पाहिलं. त्या म्हणाल्या, 'पोट कशाने भरायचं मग?' उपासाच्या दिवशी हा प्रश्न बिनतोड असतो.

या उपासाच्या ताटाची आणखी एक गंमत. शेंगदाणा मुळात दक्षिण अमेरिकेचा. बटाटा तिकडचा. मिरची त्याच बाजूची. साबुदाणा सेलमहून येतो, पण ज्या कंदापासून तो करतात तो कंद पुन्हा दक्षिण अमेरिकेचाच. दर्यावर्दींच्या गलबतांतून गेल्या चारपाचशे वर्षांत ही मंडळी इथे उतरली आणि पाहता पाहता सोवळ्यात गेली. आपल्या शिवारातली ज्वारी-बाजरी मात्र उपासाला चालत नाही. पंढरीच्या वाटेवर हा व्हिसा कुणी दिला, याचा शोध कुणीतरी घ्यायला हवा. नायगावात मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे, शारदा टॉकीजच्या इमारतीत. सोय हाकेच्या अंतरावर आहे, पण जाणाऱ्याला वाटेत दोन वडापावच्या गाड्या ओलांडाव्या लागतात.

बातमीचं मूळ कुठलं, हे मात्र मी शोधलं. २००२ साली अमेरिकेत ८३ हजारांहून जास्त नर्सच्या सोळा वर्षांच्या खाण्याचा हिशेब प्रसिद्ध झाला. आठवड्यातून पाचदा किंवा जास्त वेळा पीनट बटर खाणाऱ्या नर्सना मधुमेह होण्याचं प्रमाण, जवळजवळ न खाणाऱ्यांपेक्षा सुमारे २१ टक्क्यांनी कमी निघालं. दाण्यामुळेच कमी झालं, असं यातून सिद्ध होत नाही. दाणे खाणारी बाई इतरही शहाणपणाच्या गोष्टी करत असेल. २०११ साली जेंकिन्स यांच्याच मंडळींनी प्रत्यक्ष प्रयोग केला. मधुमेह असलेल्या ११७ जणांचे गट केले. एका गटाला तीन महिने रोज सुमारे अडीच मुठी, म्हणजे ७०-७५ ग्रॅम बदाम-अक्रोड-काजू-शेंगदाण्यांचं मिश्रण दिलं आणि दुसऱ्याला तेवढ्याच कॅलरीचे मफिन. दाणेवाल्यांची एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, ०.२१ने उतरली. फार नव्हे, पण उतरली. या संशोधनाला पैसा देणाऱ्यांत शेंगदाणेवाल्यांची संस्थाही होती, हे कानाआड करू नये. अर्थात मफिनवाल्यांनी पैसे दिले असते तरी मफिन गोडच निघाला असता.

या प्रयोगात नायगावने गाळलेली ओळ अशी की दाणे मफिनच्या जागी दिले होते. त्यांना मफिन सोडावा लागला होता. आमच्याकडे सकाळी चहाबरोबर खारी-बटर होतंच, ते तसंच राहिलं. अकराला वडापाव होता, तो राहिला. दुपारचा भात राहिला. या सगळ्यावर दाणे आले. टोरांटोत दाण्याने कुणाची तरी खुर्ची घेतली. इथे त्याला चौथी सीट दिली, आणि चौथ्या सीटवर बसणाऱ्याकडून फार अपेक्षा ठेवू नये हे लोकलने जाणाऱ्या माणसाला मी काय सांगायचं.

मधल्या काळात महाराष्ट्रात आहाराचे दोन मोठे संप्रदाय झाले, त्यांनी दाण्याला धर्मसंकटात टाकलं. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी सांगितलं, दिवसातून दोनदाच जेवा आणि एकेक जेवण ५५ मिनिटांत उरका. मध्ये काही नाही. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची, हेही ते सांगतात. ऋजुता दिवेकर सांगतात, थोड्या थोड्या वेळाने खा, घरचं खा, आपल्या मातीतलं खा. एका पॅसेजमध्ये दोन्हींचे अनुयायी. दिवेकरवाल्या वहिनी चारच्या ठोक्याला वाटीतले दाणे चावत दारात उभ्या राहतात आणि समोरचे दीक्षितवाले काका ते चावणं ऐकून घड्याळाकडे बघतात. काकांचा दाणा ५४व्या मिनिटाला असतो, घाईघाईने, ठसका लागेपर्यंत. मामांनी मात्र दोन्हीकडे सभासदत्व घेतलं. ५५ मिनिटांची दोन जेवणं ते निष्ठेने जेवतात, आणि मधल्या वेळात थोड्या थोड्या वेळाने दाणे खातात. वादात पडणं त्यांच्या स्वभावात नाही.

तसे मामा अंगाने काडी. 'मला कशी झाली शुगर? वजन बघ माझं,' असं ते वर्षभर प्रत्येकाला विचारत होते. याचं उत्तर केईएमने दिलेलं आहे. परळच्या नव्हे, पुण्याच्या रास्ता पेठेतल्या. तिथले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा जोडीने फोटो छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. युडकिनसाहेबांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. वरून बारीक, आतून जाड. भारतीय माणसाची ही ठेवण. मामांना मी हे सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'म्हणजे माझा फोटो काढला असता तर छापला असता.'

एका संध्याकाळी मात्र या मामांनी सगळ्यांना घाम फोडला. शुगरची गोळी घेतली होती, दुपारचं जेवण मीटिंगच्या गडबडीत राहिलं होतं. कठड्यावर बसल्या बसल्या हात थरथरायला लागले, कपाळ ओलं झालं, बोलणं असंबद्ध झालं. हे शेवटचं लक्षण ओळखायला वेळ गेला. शुगर पडलीय हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि चहूबाजूंनी हात पुढे आले, प्रत्येक हातात दाणे. 'खा मामा, शुगरला चांगले!' तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या सिस्टर ड्युटीवरून परत येत होत्या. त्यांनी दाण्यांचे हात बाजूला सारले आणि शेजारच्या टपरीवरून तीन चमचे साखर पाण्यात ढवळून मामांना पाजली. दहा-पंधरा मिनिटांत मामा माणसात आले. शुगर ७०च्या खाली उतरली की १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासणी, तरी खालीच असेल तर पुन्हा तेवढीच साखर; हा सिस्टरांनी तिथेच घेतलेला वर्ग. ज्या सावकाशपणासाठी दाण्याचे पोवाडे गायचे, तोच इथे आडवा येतो. चिक्की दिली तरी तिच्यातलं तेल गुळाला लवकर पुढे जाऊ देत नाही. मामांना नंतर याचंच जास्त वाईट वाटलं, की डॉक्टरी हुकमाने साखर मिळाली आणि चव कळायला शुद्ध नव्हती.

दाण्याचा आणखी एक धोका पावसाळ्यातला: मुंबईच्या दमट हवेत डब्यातले दाणे खवट होतात, कधी बुरशीही धरतात. कडू लागलेला, काळा पडलेला, सुरकुतलेला दाणा सरळ फेकावा. 'भाजलं की जातं' हा समज चुकीचा आहे. त्या बुरशीचं विष भाजून पुरतं जात नाही. १९६० साली इंग्लंडात लाखभर टर्की कोंबडे दगावले तेव्हा ब्राझीलहून आलेल्या दाण्याच्या पेंडीत ते सापडलं, तेच अफ्लाटॉक्सिन. खाऱ्या दाण्यातलं मीठ बीपीवाल्यांनी आपापलं बघावं.

या सगळ्या वादात घाटपक्षाला एकच गोष्ट ऐकून घ्यावी लागली. भुईमुगातलं मुंबईला काय कळतं, असं ते म्हणत होते. वडाळ्याहून हार्बर पकडली तर मानखुर्दला उतरून पुढे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तिथे बियाण्यांवर किरणांचा मारा करून भुईमुगाच्या नव्या जाती काढतात, हे साताऱ्याच्या वहिनींना माहीत नव्हतं. १९९१ सालची टीएजी-२४ ही जात तिथलीच, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर केलेली. नावातला टी ट्रॉम्बेचा आणि ए अकोल्याचा. शेतकऱ्यांत ती चांगलीच पसरली. किरण पडले ते मूळच्या बियांवर, कित्येक पिढ्या आधी. आज ताटात येणाऱ्या दाण्यात त्यातलं काही नसतं. मी हे नीट समजावून सांगितलं. तरी मामांनी त्या रात्री दिवा मालवून वाटीतले दाणे अंधारात पाहिले.

शेवटी प्रकरण डॉक्टरांकडे गेलं. मावशी, मामा आणि दीक्षितवाले काका असं शिष्टमंडळ. डॉक्टर म्हणाले, 'खा की. मूठभर खा. खारी-बटरच्या जागी खा, आणि तळलेले नको, भाजलेले.' इतकं सोपं उत्तर घेऊन माणसं घरी जातील असं त्यांना वाटलं असावं. परतीच्या वाटेवर मामांनी शंका काढली, 'मूठभर म्हणजे कुणाच्या मुठीने?' वादाचा निकाल लावायला सगळे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे, नव्या इलेक्ट्रॉनिक काट्यापाशी.

वाण्याने परडीत भाजलेले दाणे ओतले. मामांनी आपला चढाईचा पंजा घातला आणि काट्यावर रिकामा केला. ६१ ग्रॅम. मावशींच्या मुठीचे ३४ भरले. दीक्षितवाल्या काकांनी मूठ इतकी आवळून भरली की २२च आले, आणि संयमाचा एक कटाक्ष सगळ्यांवरून फिरवला. मी खिशातला कागद काढून सांगितलं, मूठ म्हणजे साधारण ३० ग्रॅम, दाण्याच्या आकाराप्रमाणे पन्नास-साठ दाणे, दीडशे-पावणेदोनशे कॅलरी, दोन फुलक्यांइतका ऐवज. मामा म्हणाले, 'सगळ्यांची सरासरी काढा.' मावशी म्हणाल्या, 'ज्याची शुगर त्याची मूठ.' काका म्हणाले, 'मूठ झाकलेली धरायची की उघडी?' यावर रस्त्याने जाणारे दोघे थांबले. त्यांनाही शुगर होती. सगळ्या मुठींचे दाणे एव्हाना काट्यावरच्या एकाच ढिगात होते, आणि जो बोलत होता तो बोलता बोलता त्यातले चार तोंडात टाकत होता. जो ऐकत होता तो सहा.

बऱ्याच वेळाने वाण्याने काट्याकडे बोट केलं. आकडा बरोबर ३०वर येऊन थांबला होता.

'झाली तुमची मूठ,' तो म्हणाला. 'पण वर चढले होते ११७. मधल्या ८७चे कुणाच्या खात्यावर लिहू?'

'माझ्या लिही,' मामा म्हणाले. 'मामीने विचारलं तर मात्र तीसच सांग.'